पाण्याच्या पातळीवरून पणजी

म्हापशाकडून येताना पर्वरीचे पठार संपते, गाडी अटल सेतूवर चढते आणि मांडवी नदी खाली कुठेतरी राहून जाते. २०१९ च्या जानेवारीत खुला झालेला हा पूल जोडरस्त्यांसह पाच किलोमीटरांहून लांब आहे. त्याच्या केबलींचे पिवळे पंखे दुरूनही ओळखू येतात आणि त्याने म्हापसा-मडगाव प्रवासाचा मोठा वेळ वाचवला, हे कुणीही मान्य करील. पण त्या उंचीवरून पणजीची फक्त छपरे दिसतात, नदी ओलांडल्याची जाणीव होईपर्यंत ती मागे गेलेली असते, आणि ज्या शहराचा सगळा दर्शनी भाग पाण्याकडे तोंड करून उभा आहे त्या शहरात आपण मागच्या दाराने, तेही वरून, उतरतो. पणजी बघायची असेल तर डोळ्यांची पातळी पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणावी लागते, आणि हे काम बस, फेरीबोट आणि आपले पाय यांच्याइतके चांगले दुसरे कुणी करीत नाही, असे माझे इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यानंतरचे मत आहे.

माझे माहेर सावंतवाडीचे. आमच्याकडच्या जुन्या पिढीला पणजी ठाऊक होती ती आगबोटीमुळे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट कोकणातली बंदरे घेत घेत शेवटी आग्वादच्या किल्ल्याला वळसा घालून मांडवीत शिरायची आणि पणजीच्या धक्क्याला लागायची. वडील सांगत की बोट नदीत शिरली की डेकवरची झोपलेली माणसेही उठून कठड्याशी येत, कारण डावीकडे रेइश मागुशचा किल्ला, उजवीकडे कांपालची झाडे आणि समोर उतरत्या कौलांची, रंगीत भिंतींची रांग असे शहर हळूहळू उघडत जाई. तो प्रवास मला मिळाला नाही. पण त्या वर्णनाने एक गोष्ट मनात पक्की बसली, की या शहराला पुढची बाजू आहे आणि ती उत्तरेला, नदीकडे आहे.

सुरुवात मी बहुधा पाटोवरच्या कदंब बसस्थानकापासून करते आणि पणजीत न शिरता आधी जुन्या गोव्याकडे, म्हणजे पोर्तुगीजांच्या जुन्या राजधानीकडे, जाते. जे शहर नदीच्या खालच्या अंगाला सरकत सरकत इथवर आले, त्याची वाट आधी उलट दिशेने पाहून घ्यावी, एवढाच त्यामागचा विचार आहे. बसमध्ये चढताना मात्र गाडी रायबंदरमार्गे जाणार आहे ना, हे विचारून घ्यावे लागते, कारण काही गाड्या मोठ्या रस्त्याने जातात आणि मग सगळा मुद्दाच निसटतो. गोव्यातल्या खासगी बसगाड्या आकाराने लहान असतात. ड्रायव्हरच्या समोर गणपती किंवा येशूची तसबीर आणि तिला अबोलीचा हार, कंडक्टरच्या बोटांमध्ये उभ्या घड्या घातलेल्या नोटा, आणि प्रत्येक थांब्यावर "फुडें सर, फुडें सर" असा पुकारा. डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण पुढची काही मिनिटे नदी त्याच बाजूला असते.

पाटोवरून निघाल्यावर जो सरळ, सखल रस्ता लागतो त्याला बसमधले बहुतेक लोक नुसता रस्ता समजतात. खरे तर तो सेतू आहे. लिन्यारेसचा काउंट मिगेल द नोरोन्या व्हाइसरॉय असताना १६३३-३४ मध्ये तो बांधला गेला. लांबी तीन किलोमीटरांहून थोडी जास्त, बांधकाम जांभ्या दगडाचे, आणि खाली भरतीचे पाणी आतबाहेर व्हावे म्हणून ठेवलेल्या कमानी. पणजी आणि रायबंदर यांच्यामधली सगळी जमीन दलदलीची होती. तिच्यावरून पक्की वाट काढायची तर पाण्याला अडवून चालणार नव्हते, त्याला जायला जागा ठेवणे भाग होते, आणि ती ठेवली म्हणूनच चारशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या या बांधकामावरून आज भरलेल्या बसगाड्या धावतात. रस्त्याच्या एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरांचे चौकोन. त्यांतले बरेचसे आता ओस पडले आहेत. भरतीच्या वेळी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पाणी अगदी हाताशी आल्यासारखे वाटते. मला या संपूर्ण परिसरातली सर्वांत मोलाची वास्तू कोणती असे विचारले तर मी एकाही चर्चचे नाव न घेता या सेतूचे नाव घेईन. त्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याचे तिकीट नाही, आणि ज्या कामासाठी तो बांधला ते काम तो अजून करतो आहे.

रायबंदर हे गाव नदीच्या काठाला चिकटून लांबलचक पसरलेले आहे. घरांचे सोपे रस्त्यावर आणि मागच्या खिडक्या टेकडीकडे अशी त्यांची मांडणी. इथल्या धक्क्यावरून चोडण आणि दिवाडी या दोन्ही बेटांकडे फेरीबोटी जातात. चोडणच्या पश्चिम टोकाला खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात भल्या पहाटे गेल्यास ते मन भरून दिसते, इतर वेळी तिथून रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवावी.

जुन्या गोव्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. से कॅथेड्रल, बॉम जेझस, सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव, ऑगस्टिनियन मठाचा एकटा उरलेला मनोरा, हे सगळे बघावे आणि सावकाश बघावे. पण बसमधून उतरलेले बहुतेक लोक या इमारतींमध्येच घोटाळतात आणि नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याने जात नाहीत, याचे मला वाईट वाटते. त्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, ती उभारली गेली, आणि तिच्यावर नदीकडे तोंड करून पणजोबांचा पुतळा बसवला गेला. नवा व्हाइसरॉय आला की तो नदीतून यायचा, धक्क्यावर उतरायचा आणि या कमानीखालून शहरात शिरायचा. म्हणजे शहराची वेस नदीवर होती. आज आपण कमानीखालून जातो ते उलट दिशेने, शहरातून नदीकडे, आणि ज्या शहराची ती वेस होती ते शहर आपल्या पाठीमागे उरलेले नसते. तिथे आहेत हिरवळी, चर्चे आणि माडांच्या बागा.

हे शहर ओस पडले ते मुख्यतः पाण्यामुळेच. विहिरी दूषित होत गेल्या, कारण इथला जांभा दगड सच्छिद्र असतो आणि वस्तीची घाण त्यातून झिरपत विहिरींपर्यंत पोहोचते. रोगांच्या साथींवर साथी आल्या, नदीत गाळ साचत गेला, आणि लोक हळूहळू निघून गेले. व्हाइसरॉय आधी जवळच्या पणेलीला जाऊन राहिला, मग १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. राजधानीचा अधिकृत मान पणजीला मिळाला तो १८४३ मध्ये. याचा अर्थ असा की जवळजवळ दीड शतक हे शहर नदीच्या खालच्या दिशेने सरकत होते, आणि आपण मघाशी बसने जी वाट काही मिनिटांत कापली ती त्याच स्थलांतराची वाट होती.

कमानीच्या पुढे धक्का आणि तिथून दिवाडीची फेरीबोट. गोव्यातली फेरीबोट ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. सपाट तळाची लोखंडी बोट, मध्ये वाहनांसाठी मोकळी जागा, दोन्ही कडांना माणसांना बसायला बाके, आणि वर, एका बाजूला, सुकाणूवाल्याची लहानशी खोली. पुढचा दरवाजा साखळीने वर-खाली होतो, आणि खाली आल्यावर तोच उतरण्याचा पूल बनतो. धक्का सरळ उभा न बांधता उतरता बांधलेला असतो, कारण मांडवीला इथवर भरती-ओहोटी आहे आणि पाणी कधी चार पायऱ्या वर तर कधी चार पायऱ्या खाली असते. उतारामुळे बोटीला कुठल्याही वेळी आपला दरवाजा टेकवता येतो. दरवाजा टेकताना लोखंड दगडावर घासल्याचा जो खरखरीत आवाज येतो तो ऐकला की बाकांवरची माणसे उठतात आणि दुचाकींची इंजिने सुरू होतात. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. वेळापत्रक आहे, पण गर्दीच्या वेळी बोट भरली की सुटते, हे माणसांना पाठ असते. पाण्याच्या अगदी जवळ बसले होते तेव्हा शेजारच्या टोपलीवाल्या बाईने मला हाताने ओढून घेत सांगितले, "बाय, हांगा बस, थंय उदक उडटा." तिने टोपली पायांशी सरकवली, मला जागा केली आणि पलीकडे लागेपर्यंत बांगडा मासळीचा यंदाचा भाव आणि दिवाडीवरच्या आपल्या लेकीचे बाळंतपण यांविषयी सांगत राहिली. तिची कोंकणी आणि माझी मालवणी एकमेकींना पुरेशा कळत होत्या.

दिवाडीवर उतरल्यावर पिएदादच्या टेकडीपर्यंत चालत जावे, असा माझा आग्रह आहे. वाट खाजनांमधून जाते. समुद्रसपाटीच्या पातळीवरची, खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन म्हणजे खाजन. बांधात ठिकठिकाणी मानस बसवलेली असते, म्हणजे पाण्याचे लाकडी झडपांचे दार. एका मानसीपाशी मी बराच वेळ उभी राहिले होते. ओहोटी लागली होती, आतल्या बाजूचे पाणी दाराला ढकलत होते आणि झडपा आपोआप उघडून पाणी नदीकडे धावत होते. भरती सुरू झाली की बाहेरचे पाणी त्याच झडपांवर दाब देते आणि दार आपोआप मिटते, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. वीज नाही, यंत्र नाही, दार उघडायला माणूस उभा राहावा लागत नाही. दाराच्या तोंडाशी जाळे लावले होते आणि त्यात बोटभर लांबीची मासळी चमकत होती. पावसाळ्यात इथे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात होते. या बेटावर पूल यावा की नाही यावर इथे वर्षानुवर्षे बोलले जाते, आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा झाल्यास पूल हवा असे वाटणाऱ्या माणसाला माझ्यासारख्या पाहुणीने उपदेश करू नये. पण बांध, मानस आणि फेरीबोट या तिन्ही गोष्टी पाण्याशी भांडण न करता त्याच्या वेळा सांभाळून चालतात, हे मात्र नोंदवावेसे वाटते.

मराठी माणसाने दिवाडीवर यावे याला आणखी एक कारण आहे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर मुळात याच बेटावर होते. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' अशी अक्षरे येतात, इतके ते राजघराण्याशी जोडलेले होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मंदिर पाडले, आणि लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्वे येथे नेले गेले. तिथे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. त्याचा शिलालेख मंदिराच्या दाराशी आजही आहे. दिवाडीवर कोटितीर्थाचे जुने तळे उरले आहे. तिथून बेटाच्या उत्तर कडेला आले की नार्व्याची फेरीबोट मिळते, आणि देव ज्या पाण्यावरून पलीकडे गेला तेच पाणी आपण ओलांडतो. नार्व्याचे मंदिर आकाराने भव्य नाही. उतरते कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंती, दीपमाळ आणि मागे टेकडीची गर्द झाडी. राज्य सरकारने त्याची दुरुस्ती करून ते २०२३ मध्ये पुन्हा खुले केले. शिवाजी महाराजांचे नाव घेत गोव्याला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींच्या गाड्या समुद्रकिनाऱ्यांवरून परत फिरतात आणि या दाराशी येत नाहीत, हे मला खरोखर खटकते.

परतताना दिवाडीच्या दुसऱ्या धक्क्यावरून रायबंदरला यावे आणि तिथून बसने पणजी गाठावी. आता चालायचे.

पणजी पायी फिरायला अतिशय सोपी आहे, कारण तिला दोनच दिशा आहेत, नदीकडे आणि टेकडीकडे. सपाट भाग हा बराचसा भर घालून मिळवलेला आहे. दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू हा १८२६ ते १८३५ या काळात इथला कारभारी होता. त्याने दलदली बुजवल्या, सरळ रस्ते आखले आणि सरकारी इमारती उभ्या केल्या. १८३२ मध्ये याच काळात सुरू झालेले सार्वजनिक ग्रंथालय आज राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून पाटोवरच्या नव्या इमारतीत आहे. त्याच्या मराठी विभागात एखादी दुपार घालवावी. बाहेरच्या उन्हातून आत आले की तिथून उठावेसे वाटत नाही.

नदीकाठच्या रस्त्याने निघाले की आदिलशहाचा वाडा लागतो. विजापूरच्या युसुफ आदिलशहाच्या काळातली ही इमारत पुढे व्हाइसरॉयचे निवासस्थान झाली, मग सचिवालय, आणि पर्वरीचे नवे संकुल होईपर्यंत गोव्याची विधानसभाही इथेच भरत असे. एवढ्या राजवटी बदलल्या, पण वाड्याचे तोंड नदीकडेच राहिले. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा धर्मगुरू पॅरिसला जाऊन संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक झाला. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेल्या या शिल्पात तो दोन्ही हात पसरून एका कोसळणाऱ्या स्त्रीवर वाकलेला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात हिंसा दिसते. थोडा वेळ थांबून बोटांची ठेवण बघितली की तिथे जोर नाही, आज्ञा आहे, हे लक्षात येते. पुढे आझाद मैदानापाशी मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांवर पोर्तुगीज दर्यावर्दींच्या प्रवासाची चित्रे आहेत. १९३५ च्या सुमाराची ही कामगिरी जॉर्ज कोलासो या चित्रकाराची.

तिथून आत वळले की इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नागमोडी पायऱ्या. इथे १५४१ मध्ये लहानसे कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, होते आणि लिस्बनहून सुखरूप पोहोचलेले खलाशी पुढे जाण्याआधी इथे उतरून प्रार्थना करीत, असे सांगतात. आजची वास्तू १६१९ नंतरची. वरच्या मनोऱ्यातली प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. शहर नदीवरून खाली सरकले तेव्हा त्याच्याबरोबर घंटाही सरकली. फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या सेंट सेबॅस्टियन कपेलातला क्रूसही असाच जुन्या गोव्यातून आलेला, तिथल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. ज्या दालनात माणसांचा छळ झाला तिथे तो उघड्या डोळ्यांचा क्रूस टांगलेला होता, हे एकदा कळल्यावर त्या कपेलात जास्त वेळ उभे राहणे मला जमलेले नाही.

फोंतेन्हास आज छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींसमोर दिवसभर माणसे उभी राहून फोटो काढून घेतात, आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबांना त्याचा किती जाच होतो हे दारांवरच्या विनंतीच्या पाट्या वाचल्यावर कळते. तेव्हा इथे सकाळी लवकर जावे, हळू बोलावे, आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवीत येतो त्या वेळी त्याच्याकडून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यावेत. वस्तीच्या एका अंगाला ओरेंची खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला आल्तिनो टेकडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत गल्ल्या वसल्या, त्या अशा अरुंद आणि वाकड्या का, हे खाडीकडून टेकडीकडे दोनदा चालले की पायांना समजते. पुढे माळा नावाच्या भागात झऱ्याचे पाणी आहे, वर मारुतीचे देऊळ. टेकडीच्या अलीकडे, बाजारपेठेच्या अंगाला महालक्ष्मीचे मंदिर. पोर्तुगीज अमलात १८१८ मध्ये पणजीत या देवीला जागा मिळाली, आणि तिच्या उत्सवाच्या सूचना आजही मराठीत लागलेल्या असतात.

संध्याकाळी कांपालला जावे. तिथल्या कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. रस्त्याकडून आत शिरले की ती कुठेही अंगावर येत नाही. सावलीच्या मोकळ्या ओसरीतून चालत चालत आपण पलीकडे नदीवर निघतो. मराठी नाट्यस्पर्धांच्या दिवसांत याच ओसरीत पेडणे, फोंडा, डिचोली अशा तालुक्यांतून आलेली नाटकवेडी माणसे मध्यंतरात चहाचे पेले हातात घेऊन नुकत्याच संपलेल्या अंकावर तावातावाने बोलत असतात. नदीकडे पाठ न फिरवणारी नवी इमारत कशी बांधावी, याचा याहून चांगला नमुना या शहरात मला दिसलेला नाही.

कारण नदीकडे पाठ फिरवणे सोपे आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तेच होत आले आहे. काठावर उभे राहिले की समोरचे पाणी जुगाराच्या जहाजांनी अडवलेले दिसते. त्यांचे रंगीत दिवे लागले की पलीकडचा बेतीचा काठ दिसेनासा होतो. खनिजाचे बार्ज एकेकाळी या नदीतून एकामागून एक मुरगावकडे जात. खाणी बंद पडल्यापासून ते विरळ झाले. आगबोट केव्हाच गेली. सर्वसामान्य माणसाचा या पाण्यावरचा हक्क आज उरला आहे तो फेरीबोटीत, आणि म्हणून पणजी-बेतीची फेरीबोट मला शहरातल्या कुठल्याही स्मारकापेक्षा महत्त्वाची वाटते.

या फेरीला एक इतिहास आहे. मांडवीवर पहिला पूल झाला तो १९७० मध्ये. त्याआधी म्हापशाकडचा माणूस बेतीला उतरून पाण्यावरूनच पणजीला येत असे. पूल झाल्यावर फेरी मागे पडली. मग ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला. बांधून अवघी सोळा वर्षे झाली होती. नवा पूल उभा राहीपर्यंत नोकरदार, विद्यार्थी, दूधवाले, रुग्ण अशा सगळ्यांची ने-आण पुन्हा नदीवरून झाली, धक्क्यांवर लांबच लांब रांगा लागत, आणि त्या काळात कॉलेजला असलेल्या गोव्यातल्या कुणालाही विचारले की त्या रांगांच्या आठवणी हमखास निघतात. आज डोक्यावर तीन पूल आहेत. तरीही संध्याकाळी सुटणाऱ्या बोटीत जागा मिळवावी लागते. बाजारातून परतणाऱ्या बायका, हॉटेलांत काम करणारी मुले, गणवेशातले सुरक्षारक्षक, स्कूटरवर पुढे पोराला उभे करून आलेले आईबाप. कुणी नदीकडे बघत नाही, सगळे आपापल्या फोनमध्ये असतात, आणि त्यात काही वावगे नाही. रोजच्या वापरातली गोष्ट अशीच असते. तिला पर्यटनाचे आकर्षण करण्याऐवजी बेतीच्या धक्क्यावर बसायला सावली, वाचता येईल असे वेळापत्रक आणि बोटीच्या वेळेला जुळणारी बस एवढे मिळाले तरी पुष्कळ होईल.

बेतीहून वेऱ्याच्या बाजूला काठाकाठाने गेले की रेइश मागुश येते. १५५१ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला नदीच्या तोंडाच्या आत, पाण्यावर नजर ठेवून उभा आहे. पायथ्याचे चर्चही जवळपास त्याच काळातले, आणि दर वर्षी ६ जानेवारीला तिथे तीन राजांचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, भरते. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय आधी इथे मुक्काम करायचा आणि मग लवाजम्यासह नदीतून वर जायचा. १५७०-७१ मध्ये आदिलशहाच्या वेढ्याला तोंड देणारा लुईश द अताइद याची कबर याच चर्चमध्ये आहे. तटावरून डावीकडे पणजीचा दर्शनी भाग, पूल आणि त्यांच्याही पलीकडे चोडणची खारफुटी दिसते. उजवीकडे मिरामारची वाळू आणि खुला समुद्र. वडिलांच्या बोटीवरून जे दिसायचे त्यातले बरेचसे इथे एका नजरेत मावते.

येत्या दिवाळीनंतर माझ्या भाचरांना पणजी दाखवायची आहे, आणि मी क्रम बदलायचे ठरवले आहे. सकाळी पहिल्यांदा रेइश मागुश, मग बेतीहून फेरीबोटीने पणजीच्या धक्क्यावर उतरायचे, वाड्यासमोरून चर्चच्या पायऱ्या चढायच्या, दुपारी ग्रंथालय, आणि दुसऱ्या दिवशी रायबंदरमार्गे बसने वर, दिवाडीकडे. मुलांना मानस दाखवायची तर ओहोटीची वेळ गाठावी लागेल; ती आधी तिथल्या कुणाला तरी विचारून ठेवायला हवी.